‘कुणाकडे पीडीएफ आहे का?’ हा प्रश्न ग्रुपऐवजी ग्रंथपालाला विचारला तर काय होतं?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. एमएच्या मुलांचा टेलिग्राम ग्रुप. कुणीतरी एका शोधनिबंधाचं नाव टाकतं आणि खाली लिहितं, “कुणाकडे पीडीएफ आहे का? अर्जंट.” दोघंजण हात जोडलेली इमोजी टाकतात, तिसरा म्हणतो “मला पण हवीय”, चौथा एक लिंक देतो. लिंक उघडली की आधी तीन जाहिराती, मग मोबाईल नंबर मागणारा फॉर्म आणि शेवटी भलतीच फाईल.

गंमत म्हणजे तो निबंध बऱ्याचदा त्यांच्याच विद्यापीठाने पैसे भरून घेतलेल्या डेटाबेसमध्ये असतो. तो कसा उघडायचा हे सांगणारा माणूसही कॅम्पसमध्येच असतो. त्याला कॉलेजचा ग्रंथपाल म्हणतात. पण त्याला विचारावं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. कारण ग्रंथपाल म्हणजे पुस्तक देणार, परत घेणार आणि उशीर झाला की दंड लावणार, एवढीच आपली त्यांच्याशी ओळख.

प्रत्यक्षात ग्रंथपालाच्या कामाचा एक मोठा भाग वेगळाच आहे. कुणी प्रश्न घेऊन आलं की त्याला नेमकं काय हवंय ते समजून घ्यायचं आणि योग्य पुस्तकापर्यंत, अहवालापर्यंत, आकडेवारीपर्यंत पोहोचवायचं. याला म्हणतात संदर्भ सेवा. गेल्या वीसेक वर्षांत जगभरातल्या विद्यापीठांनी ही सेवा फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर आणून पाहिली. त्यात काय चाललं, काय फसलं आणि तुमच्या कामाचं काय आहे, ते बघू.

सुरुवात झाली १८७६ साली

एकोणिसाव्या शतकात ग्रंथालयाचं काम पुस्तकं सांभाळणं हेच होतं. वाचकाने यावं, यादीत नाव शोधावं, पुस्तक मागावं. कुठलं पुस्तक वाचू, हे विचारायची सोय नव्हती.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते सॅम्युअल स्वेट ग्रीन. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला ग्रंथपालांची परिषद भरली, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापनाही तिथलीच. त्या वर्षी ग्रीन यांनी ग्रंथपाल आणि वाचक यांच्या नात्यावर एक निबंध मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, तसं ग्रंथपालानेही वाचकाला उत्तराशिवाय जाऊ देऊ नये. आज हे ऐकून ‘त्यात काय विशेष’ वाटेल, पण संदर्भ सेवेचा इतिहास सांगताना सुरुवात याच निबंधापासून होते.

भारतात हा विचार रुजवला तो डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. संदर्भ सेवेचा जीव याच नियमात आहे. १२ ऑगस्टला देशभरात त्यांच्या नावाने ग्रंथपाल दिन साजरा होतो आणि त्या दिवशी जवळपास प्रत्येक कॉलेज लायब्ररीच्या फेसबुक पेजवर त्यांच्या फोटोला हार घातलेला दिसतो. वाचकाचा वेळ वाचवणारी पोस्ट त्या पेजवर शेवटची कधी पडली होती, हे मात्र शोधावं लागतं.

प्रश्नामागचा प्रश्न

आता तुम्ही म्हणाल, गुगल आहे, चॅटजीपीटी आहे, मग माणूस कशाला हवा?

याचं उत्तर एका छोट्या उदाहरणात मिळतं. समजा, अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या व्हॉट्सॲप नंबरवर मेसेज केला.

“मॅडम, दुष्काळावर पुस्तक आहे का?”

सर्च बॉक्सने या प्रश्नावर शेकडो नावं फेकली असती. ग्रंथपाल मॅडम उलट विचारतात, “कशासाठी हवंय? असाइनमेंट, सेमिनार की प्रोजेक्ट?”

“प्रोजेक्ट.”

“कुठला दुष्काळ? अलीकडचा की जुना?”

“१९७२ चा.”

“त्यातलं काय? पाऊस, पिकं, स्थलांतर, सरकारी मदत?”

“रोजगार हमीच्या कामांवर बायकांना किती मजुरी मिळायची ते बघायचंय. आजी जायची म्हणे खडी फोडायला.”

बघा, कुठून कुठे आलो. त्याला ‘दुष्काळावर पुस्तक’ नकोच होतं. त्याला हवे होते रोजगार हमी योजनेचे सुरुवातीच्या काळातले अभ्यास. आता मॅडम त्याला नेमकं सांगू शकतात. गोखले इन्स्टिट्यूटच्या कुमुदिनी दांडेकर यांचा रोजगार हमी आणि महिलांवरचा १९८३ चा अभ्यास बघ. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे सत्तरच्या दशकातले अंक जेस्टोअरवर आहेत, आपल्या लॉगिनने उघडतात का ते बघ. जिल्ह्याचं गॅझेटियर बघ. शोधगंगावर या विषयावरचे प्रबंध आहेत, त्यांच्या संदर्भसूचीतून पुढचे धागे मिळतील.

या उलट-सुलट प्रश्नोत्तरांना ग्रंथालयशास्त्रात ‘रेफरन्स इंटरव्ह्यू’ म्हणतात. रॉबर्ट टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये याची फार छान उकल केली. त्यांच्या मते माणसाच्या मनातला प्रश्न चार पायऱ्या उतरून येतो. आधी नुसतीच एक अस्वस्थता असते, काहीतरी कमी आहे एवढंच जाणवतं. मग त्याचं अस्पष्ट वर्णन करता येतं. त्यानंतर तो नीट वाक्यात मांडता येतो. आणि शेवटी ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा अंदाज घेऊन माणूस तो प्रश्न कापून-छाटून विचारतो. म्हणजे काउंटरवर येणारा प्रश्न हा आधीच तडजोड केलेला असतो. ग्रंथपालाचं कौशल्य हे, की त्या चौथ्या पायरीवरून माणसाला मागे नेत खऱ्या गरजेपर्यंत जायचं.

सोशल मीडियावर संदर्भ सेवा चालते की नाही, हे यावरूनच ठरतं. जिथे असा संवाद होऊ शकतो तिथे ती चालते. जिथे नुसत्या पोस्ट टाकल्या जातात तिथे तिचा नोटीस बोर्ड होतो.

ईमेल, चॅट आणि बंद पडलेली दुकानं

काउंटर सोडून बाहेर पडायची ग्रंथालयांची धडपड जुनी आहे. पत्राने आणि फोनवर प्रश्न घेणं तर खूप आधीपासून चालायचं. १९८४ मध्ये बाल्टिमोरमधल्या मेरिलँड विद्यापीठाच्या आरोग्यशास्त्र ग्रंथालयाने ईमेलवर प्रश्न घ्यायला सुरुवात केली. तेव्हा जीमेल यायला अजून वीस वर्षं होती.

२००२ मध्ये अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी मिळून ‘क्वेश्चनपॉइंट’ सुरू केलं. कल्पना भारी होती. एका ग्रंथालयात रात्र झाली की तिथला प्रश्न दिवस असलेल्या दुसऱ्या ग्रंथालयाकडे जायचा. म्हणजे विद्यार्थी रात्री दोन वाजता विचारतोय आणि उत्तर देणारा माणूस दुसऱ्या कुठल्यातरी टाइमझोनमध्ये चहा पीत बसलाय.

पण विद्यार्थी ग्रंथालयाच्या वेबसाइटवर येतातच किती? म्हणून मग ‘ते जिथे आहेत तिथे जाऊ’ हा विचार पुढे आला. सप्टेंबर २००७ मध्ये अमेरिकन ग्रंथपालांनी एक भन्नाट प्रकार केला. महिन्याच्या १० तारखेला जमेल तितक्या ग्रंथपालांनी याहू आन्सर्ससारख्या साइट्सवर जायचं, लोकांच्या प्रश्नांना पुराव्यासह उत्तरं द्यायची आणि खाली ‘मी ग्रंथपाल आहे’ असं लिहायचं. ‘स्लॅम द बोर्ड्स’ असं त्याचं नाव. ज्यांनी आयुष्यात ग्रंथपालाला काही विचारलं नव्हतं, त्यांनाही कळावं की हे लोक हे काम करतात, हा हेतू.

याहू आन्सर्स मे २०२१ मध्ये बंद झालं. इतकी वर्षं लिहिलेली प्रश्नोत्तरं साइटवरून गेली.

त्याआधी असाच एक धक्का बसला होता. ‘मीबो’ नावाची फुकट चॅटची सोय होती. ग्रंथालयं आपल्या वेबसाइटवर तिची छोटीशी खिडकी लावायची आणि विद्यार्थी नाव-पासवर्ड न देता थेट ग्रंथपालाशी बोलायचे. अनेक ग्रंथालयांची चॅट सेवा यावरच उभी होती. जून २०१२ मध्ये गुगलने मीबो विकत घेतलं आणि ११ जुलैला ती सेवा बंद केली. महिन्या-सव्वा महिन्यात सगळ्यांना नवी सोय शोधावी लागली.

फुकटच्या प्लॅटफॉर्मवर सेवा उभारणं म्हणजे भाड्याच्या घरात राहणं. मालक कधी सांगेल ‘उद्या खाली करा’, नेम नसतो. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक भारतात बंद झालं, २०२३ मध्ये ट्विटरचं एक्स झालं आणि नियम बदलत गेले. म्हणून शहाणी ग्रंथालयं सोशल मीडियावर दरवाजा ठेवतात आणि सामान घरी ठेवतात. प्रश्न इन्स्टाग्रामवर आला तरी उत्तराची नोंद स्वतःच्या वेबसाइटवर किंवा रजिस्टरमध्ये ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात नको.

फेसबुक पेज आहे, पण विचारतं कोण?

फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डच्या मुलांसाठी सुरू झालं आणि सप्टेंबर २००६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ग्रंथालयांनी लगेच पेज उघडली. अपेक्षा होती की मुलं तिथे येऊन प्रश्न विचारतील.

तसं फारसं झालं नाही. त्याचं एक कारण अगदी मानवी आहे. जिथे आपण मित्रांचे फोटो बघतो, तिथे सर-मॅडमनी येऊन ‘काही अडचण आहे का?’ विचारलं तर थोडं अवघडल्यासारखं होतंच. दुसरं कारण, पेजवर कॉमेंटमध्ये प्रश्न विचारायचा म्हणजे सगळ्यांसमोर ‘मला हे येत नाही’ असं कबूल करायचं. वर्गात हात वर न करणारा मुलगा कॉमेंटमध्ये तरी का लिहील?

तिसरं कारण ग्रंथालयांचं स्वतःचं. बहुतेक पेजवर एकतर्फी माहिती असते. नवी आलेली पुस्तकं, सुट्टीची सूचना, कार्यक्रमाचे फोटो, पाहुण्यांचा सत्कार. यात वाईट काही नाही, पण याला संदर्भ सेवा म्हणता येत नाही. प्रश्नाला जागाच नसेल तर प्रश्न येणार कुठून?

उलट्या दिशेने मात्र एक प्रयोग चांगलाच जमला. जानेवारी २००८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपले हजारो जुने फोटो फ्लिकरवर टाकले. ज्या फोटोंतली माणसं, जागा, प्रसंग ओळखता येत नव्हते, त्यांची माहिती लोकांनी कॉमेंटमध्ये दिली. कुणी रस्ता ओळखला, कुणी खेळाडू. ग्रंथपालांनी ती माहिती तपासली आणि पटली ती आपल्या नोंदींत घेतली. इथे ग्रंथालयाने प्रश्न विचारला आणि समाजाने उत्तर दिलं. महाराष्ट्रातल्या जुन्या कॉलेजांच्या कपाटांत धूळ खात पडलेले स्नेहसंमेलनाचे कृष्णधवल फोटो असे इन्स्टाग्रामवर टाकले, तर किती माजी विद्यार्थी धावून येतील याचा विचार करा.

आपल्याकडे व्हॉट्सॲपच का?

भारतात ही सेवा चालायची असेल तर ती व्हॉट्सॲपवर, हे कुणालाही मान्य व्हावं. पन्नास कोटींहून जास्त लोक ते वापरतात. वेगळं ॲप नको, ईमेल आयडी आठवायला नको, आणि मुख्य म्हणजे ते दोघांमधलं खासगी बोलणं आहे. वर आपण पाहिलेला तो दुष्काळाचा संवाद फेसबुकच्या कॉमेंटमध्ये झाला नसता. व्हॉट्सॲपवर तो सहज होतो. मराठीत टाइप करता येतं, जमत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवता येतो, पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून ‘हा संदर्भ कुठला?’ असं विचारता येतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि ग्रंथालयांना कुलूप पडलं तेव्हा अनेक कॉलेजांत हाच एक मार्ग उरला. ग्रंथपालांचे खासगी मोबाईल नंबर मुलांपर्यंत गेले आणि घरच्या ओट्यापाशी उभं राहून संदर्भ सेवा सुरू झाली.

पण लॉकडाऊन संपलं तरी तो खासगी नंबर तसाच राहिला, आणि इथूनच अडचण सुरू होते. रात्री बारा वाजता ‘सर, सिलॅबस पाठवा’. रविवारी सकाळी ‘मॅडम, उद्या लायब्ररी चालू आहे का?’ जिथे सगळं ग्रंथालय एकच माणूस सांभाळतो, तिथे त्याने चोवीस तास ऑनलाइन राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. ती सेवा त्या माणसाच्या भलेपणावर चालते. तो बदलून गेला किंवा निवृत्त झाला की सेवा संपली, आणि त्याच्या फोनमधली सगळी प्रश्नोत्तरंही त्याच्याबरोबर गेली.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. ग्रंथालयाच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घ्यायचं आणि व्हॉट्सॲप बिझनेस वापरायचं. २०१८ पासून हे ॲप भारतात फुकट मिळतं. त्यात ‘आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उत्तर देतो’ असा मेसेज आपोआप जाईल अशी सोय आहे. नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरं साठवता येतात, संवादांना लेबल लावता येतात. एकच खातं एकाहून जास्त उपकरणांवर चालतं, त्यामुळे दोघं-तिघं मिळून जबाबदारी वाटून घेऊ शकतात.

तुमचा प्रश्न कोण कोण वाचतंय?

आता थोडं गंभीर बोलू. ग्रंथालयात माणूस काय विचारतो यावरून त्याच्या आयुष्यात काय चाललंय ते कळू शकतं. गर्भपाताचा कायदा, एचआयव्ही, नैराश्य, घटस्फोट, आंतरजातीय विवाह, एखादी राजकीय विचारसरणी. प्रश्न अभ्यासासाठी असेल किंवा नसेल, तो दुसऱ्याला कळता कामा नये. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची आचारसंहिता १९३९ पासून आहे आणि वाचकाने काय विचारलं, काय वाचलं हे गुप्त ठेवणं तिच्या मुख्य तत्त्वांत आहे. चांगला ग्रंथपाल तुमचा प्रश्न स्टाफरूममध्ये चघळत नाही.

सोशल मीडियाचं गणित नेमकं उलट आहे. तिथे तुम्ही काय शोधता, कुणाशी बोलता यावरच जाहिरातींचा धंदा चालतो. व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात हे खरं, पण समोरच्या फोनमध्ये ते दिसतातच. ग्रंथालयाचा फोन टेबलावर उघडा पडला असेल तर एन्क्रिप्शन काय कामाचं?

सगळ्यात मोठी चूक ग्रुपमध्ये होते. ‘लायब्ररी अपडेट्स’ नावाचा ग्रुप काढला जातो, त्यात शेकडो विद्यार्थी. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ग्रुपमधून नंबर उचलून मुलींना भलतेसलते मेसेज आले, की त्या आधी ग्रुप म्यूट करतात आणि मग सोडतात. सूचनांसाठी चॅनल वापरलं तर सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. प्रश्नांसाठी वैयक्तिक चॅट. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर प्रश्नपेटीचा स्टिकर असतो, तिथे आलेला प्रश्न पुढे शेअर केला तरी विचारणाऱ्याचं नाव बाकीच्यांना दिसत नाही, ग्रंथालयाला मात्र दिसतं. लाजाळू मुलांसाठी ही सोय बरी आहे, फक्त ही शेवटची गोष्ट त्यांना आधी सांगायला हवी.

देशात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. तुमची माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतली हे सांगावं आणि काम झालं की ठेवू नये, हा त्यामागचा विचार. कॉलेजच्या ग्रंथालयानेही विद्यार्थ्यांशी झालेली चॅट किती दिवस ठेवायची हे ठरवून टाकलं पाहिजे. उत्तर ठेवा, नाव आणि नंबर पुसून टाका, एवढं केलं तरी पुष्कळ.

पीडीएफ पाठवायची की नाही?

व्हॉट्सॲपवर ग्रंथपालाला येणारा नेहमीचा प्रश्न म्हणजे ‘पीडीएफ पाठवा ना’. २०११ मध्ये ट्विटरवर यासाठी एक हॅशटॅगच निघाला होता, ‘आय कॅन हॅज पीडीएफ’. ज्याला निबंध हवा तो हॅशटॅगसह मागणी करायचा, ज्याच्याकडे आहे तो पाठवायचा आणि काम झालं की मूळ ट्वीट पुसलं जायचं. जर्नलच्या किमती बघता ही अगतिकता समजण्यासारखी आहे. ग्रंथपालाच्या हातून मात्र हे होऊ शकत नाही, कारण डेटाबेस घेताना संस्थेने करारावर सही केलेली असते.

आपल्याकडचा कायदा तसा विद्यार्थ्यांच्या बाजूने बराच उदार आहे. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून दिलेले कोर्सपॅक कॉपीराइट कायद्याच्या अपवादात बसतात असं मान्य केलं आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. पण शिकवण्यासाठी दिलेली काही प्रकरणं वेगळी आणि हजार जणांच्या ग्रुपवर टाकलेलं अख्खं पुस्तक वेगळं.

मग ग्रंथपाल काय पाठवतो? फाईलऐवजी रस्ता पाठवतो. तो कधीकधी फाईलपेक्षा जास्त उपयोगाचा असतो. उदाहरणार्थ, इन्फ्लिबनेट. ही संस्था आज गांधीनगरला असली तरी १९९१ मध्ये तिची सुरुवात पुण्याच्या आयुका या संस्थेखालचा प्रकल्प म्हणून झाली होती. तिचीच शोधगंगा ही साइट आहे, जिथे भारतातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून जास्त प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात. तिचीच एन-लिस्ट ही कॉलेजांसाठीची योजना आहे, ज्यात विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळतं आणि घरून ई-पुस्तकं वाचता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स आणि ६,३०० सरकारी संस्थांतले जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. म्हणजे तुम्ही टेलिग्रामवर हात जोडून मागत असलेल्या निबंधाचे पैसे कदाचित तुमच्याच करातून आधीच भरले गेलेत.

हे लॉगिन कुठे मिळतं, आपलं कॉलेज यात आहे का, हे तुमच्या ग्रंथपालाला एका मेसेजमध्ये विचारता येतं. आणि ग्रंथालयाने इन्स्टाग्रामवर कुठली रील करायची असेल, तर घरून लॉगिन कसं करायचं याची साठ सेकंदांची स्क्रीन रेकॉर्डिंग करावी. ती हाराच्या फोटोपेक्षा नक्की जास्त वेळा बघितली जाईल.

‘हे पुलंनी खरंच लिहिलंय का?’

मराठी वाचकासाठी या सेवेचा आणखी एक उपयोग आहे. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावाने काहीतरी फिरत असतं. त्यातलं बरंचसं त्यांचं नसतंच. कुणाच्या तरी लेखाला मोठं नाव चिकटवलं की तो पुढे पळतो. ‘हे कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर आहे?’ हा खरंखुरा संदर्भ सेवेचा प्रश्न आहे आणि मराठी विभागाच्या चांगल्या ग्रंथपालाला तो आवडतोही.

गुगल इथे तोकडं पडतं, कारण जुनं मराठी साहित्य, मासिकं, दिवाळी अंक यातलं फार थोडं शोधता येईल अशा रूपात इंटरनेटवर आहे. एखादं पुस्तक पहिल्यांदा कधी निघालं, हे शोधायला शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ लागते, जिच्यात १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश आहे, वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आहे. हे दोन्ही आता ऑनलाइन वाचता येतात, पण कुठल्या प्रश्नासाठी कशात बघायचं हे सांगणारा माणूस लागतोच.

चॅटजीपीटीने यात नवीन भर घातली आहे. त्याला संदर्भ मागितले की ते कधीकधी लेखक, जर्नल, वर्ष, पान क्रमांक असं सगळं व्यवस्थित देतं, फक्त तो निबंध जगात कुठेच नसतो. मुलं ती यादी घेऊन ग्रंथालयात येतात आणि ग्रंथपाल तास-दीड तास अस्तित्वात नसलेली गोष्ट शोधतात. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असे बनावट निकाल न्यायालयात सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने ‘हा चौदावा संदर्भ दाखवा बरं’ म्हटलं तर डॉलर लागणार नाहीत, पण पदवी अडकू शकते. त्याआधी ती यादी ग्रंथपालाला व्हॉट्सॲपवर पाठवून ‘यातले कुठले खरे आहेत?’ असं विचारलेलं बरं.

मेसेज कसा करायचा

आधी आपल्या कॉलेज किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं अधिकृत पेज शोधा. तिथे नंबर किंवा ईमेल असतो. नसेल तर काउंटरवर जाऊन ‘ग्रंथालयाचा व्हॉट्सॲप नंबर आहे का?’ असं विचारा. चार-पाच जणांनी विचारलं की कॉलेजला त्याची गरज कळते.

मेसेजमध्ये नुसतं ‘हाय मॅडम’ लिहून वाट बघत बसू नका. नाव, वर्ग, विषय, कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय, कुठल्या भाषेत चालेल आणि आतापर्यंत कुठे शोधलं, एवढं एका मेसेजमध्ये लिहा. ‘आतापर्यंत कुठे शोधलं’ हे खास महत्त्वाचं, कारण त्याने ग्रंथपालाचा अर्धा वेळ वाचतो. त्यांनी उलट प्रश्न विचारले तर वैतागू नका. ते तुम्हाला टाळत नाहीयेत, खरा प्रश्न शोधतायत. विषय खासगी असेल तर नाव न सांगता विचारता येईल का हे आधी विचारा, किंवा सरळ ग्रंथालयात जाऊन समोरासमोर बोला. काही प्रश्नांसाठी ते जुनं लाकडी टेबलच अजून सगळ्यात सुरक्षित आहे.

आणि लिंक मिळाली की ‘थँक्यू सर’ लिहिण्याआधी ती उघडून बघा. उघडली नाही तर स्क्रीनशॉट काढून लगेच कळवा. लॉगिनची मुदत संपलेली असणं हे त्याचं एक नेहमीचं कारण असतं, आणि ती ग्रंथालयातूनच वाढवून मिळते.